सहा की नऊ?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमच्या घरात वरचेवर म्हटले जाई. म्हणणारे माझे वडीलच. ते स्वतः तरुणपणी तीन वर्षे ती पायरी चढत होते, हेही आम्हा मुलांना ठाऊक होते. पण विषय तिकडे वळला की आई लगबगीने पाने मांडायला घेई. आमच्या कानावर आलेली हकिगत एवढीच, की गावी विहिरीचा मळा होता, थोरल्या काकांनी कोर्टात काहीबाही कागद करून तो घशात घातला आणि वडील अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्याला आले. १९९८ साली वडील वारले तेव्हा काकांच्या घरून कोणी आले नाही. अर्थात आम्ही कळवलेही नव्हते.

तेव्हा दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चुलतभावाचा फोन आला, तो मला आवाजावरून ओळखताच आला नाही. रस्ता रुंद होणार होता आणि मळ्याची एक पट्टी त्यात जाणार होती. मोबदला मिळायचा, पण सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव अजून तसेच होते. एक तर कोर्टाचा हुकूमनामा आणा, नाही तर त्यांच्या वारसांची संमती आणा, असे त्याला सांगण्यात आले होते.

“दादा, आमच्याकडं कागद होते,” तो म्हणाला, “पण २००५ च्या पावसात माळवद खाली आलं, त्यात सगळं गेलं. तू एक सही दिलीस तर काम होईल.”

मी ‘बघतो’ म्हटले. माणूस ‘बघतो’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असते ते वाचकांना सांगायला नको. चिरंजीव जेवताना म्हणाले, “बाबा, सही मागतायत त्या अर्थी आपला हिस्सा आहे. आधी कागद काढा.” मला ते पटले. खरे म्हणजे फार लवकर पटले.

पहिली शोधाशोध घरबसल्या झाली. हल्ली कोर्टाचे खटले संगणकावर दिसतात. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, तो दिला की पुढची तारीखसुद्धा कळते. पण पाऊणशे वर्षांपूर्वीचा आमचा दावा तिथे कुठला असायला! शेजारच्या एका गृहस्थांनी माहितीच्या अधिकारात अर्ज ठोका म्हणून सल्ला दिला. वकील मित्राने तो मोडीत काढला. कोर्टाच्या कागदांच्या नकला हायकोर्टाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, तिथे माहिती अधिकाराची वाट नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगून टाकले आहे. “तू आपला फेरफार काढ,” तो म्हणाला. “सात-बारावरचं नाव हवेतून येत नाही. ते कुठल्या तरी फेरफारानं आलेलं असतं आणि त्यात दाव्याचा नंबर असतो.”

तसेच निघाले. फेरफाराची जुनी नोंद मिळाली, त्यात दाव्याचा नंबर होता आणि पुढे साल १९४६. नोंद इतकीच, की दावा चालू आहे, सबब वादीचे नाव इतर हक्कात दाखल. निकाल लागल्यावर ते नाव कमी करायचे कोणाला सुचले नाही आणि म्हणून ते सत्तर वर्षे तिथे राहिले.

आता या भागाचा भूगोल थोडा सांगितला पाहिजे. आमचे गाव जुन्या सातारा जिल्ह्यातले. १९४९ साली त्या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि आमचा तालुका दक्षिण साताऱ्यात गेला. त्यालाच १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. तालुक्याच्या कोर्टात एकाने सांगितले की, एवढे जुने कागद इथे नसतात आणि १९४६ चा दावा म्हणजे जिल्हा फुटण्यापूर्वीचा, तेव्हा साताऱ्याला विचारा. मी साताऱ्याला अर्ज केला. वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडला, मी त्यांचा वारस असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले, कोर्ट फी स्टँप लावला. पक्षकाराला नक्कल हक्काने मिळते. त्याच्या पश्चात आलेल्याला आपले नाते दाखवावे लागते आणि अगदी त्रयस्थाला तर नक्कल कशासाठी हवी तेही सांगावे लागते. पंधरा दिवसांनी उत्तर आले: या पक्षकारांचा असा दावा रजिस्टरी आढळत नाही.

खोटे कशाला बोलू, त्या उत्तराने मला एक प्रकारचा आनंदच झाला. दावाच नाही, तर हुकूमनामा नाही. हुकूमनामा नाही, तर मळा अजून निम्मा आमचा! परतीच्या एस.टी.त मी मोबदल्याच्या रकमेला मनातल्या मनात दोनाने भागलेसुद्धा.

ही गोष्ट तिथेच संपायची. पण पुन्हा एकदा तालुक्याला गेलो असताना कोर्टाबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी फेरफाराची नक्कल डोळ्यांजवळ धरली.

“जुना सर्व्हे नंबर काय मळ्याचा?”

“एकोणसाठ.”

“मग हा बघा एकोणसाठमधला नऊ. आणि हा बघा सालातला तुमचा सहा.”

दोन्ही आकडे एकाच वळणाचे होते. त्या तलाठ्याचा नऊ पोटात असा वळलेला होता की कोणीही सहाच वाचावा. साल १९४६ नव्हतेच, १९४९ होते. मी चुकीच्या सालाचा दावा चुकीच्या जिल्ह्यात शोधत होतो, आणि तो सापडला नाही म्हणून खूश होतो.

सांगलीला कागद निघाला. रेकॉर्डच्या बाईंनी लाल रुमालाची गाठ सोडली आणि म्हणाल्या, “काका, नशीब तुमचं. निकालानंतर कागदांची छाननी होते. काही कायम राहतात, बाकीचे ठराविक वर्षांनी नष्ट करतात.” जुने कागद नष्ट करण्याचा कायदाच १९१७ सालचा आहे, हे मला मागाहून कळले. मी पाहण्याचा अर्ज केला होता. बाईंच्या समोर बसून वाचायचे आणि टिपण करायचे ते पेन्सिलीने. शाईचे पेन त्यांनी आधीच बाजूला ठेवायला लावले.

सर्वांत वर रोजनामा होता. तीन वर्षांच्या तारखा. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर. प्रतिवादी हजर, वकील गैरहजर. साक्षीदार आला नाही. तहकूब, तहकूब, तहकूब. तो वाचताना मला वडिलांची ती म्हण पहिल्यांदा नीट कळली. वय पंचवीस-सव्वीस, खिशात भाकरी, आणि प्रत्येक वेळी तालुक्याला सात कोस चालत. शेवटी १९५२ साली एका तारखेला दोघे भाऊ एकदम हजर झालेले दिसले. खाली लिहिले होते, ‘पुरशीस दाखल, समेटाप्रमाणे हुकूमनामा.’

पुरशीस दीड पानाची होती. वादीने मळ्यावरचा आपला हक्क सोडला आणि त्याबद्दल प्रतिवादीने रोख १,२०० रुपये दिले, ते वादीस पावले. पुढचे कलम मी तीनदा वाचले. उभयतांची विधवा बहीण तहहयात प्रतिवादीच्या घरी राहील, तिला अन्नवस्त्र आणि स्वतंत्र खोली द्यावी, आणि यात कसूर झाल्यास मळ्याच्या उत्पन्नावर तिचा बोजा राहील. ही अट वादीच्या मागणीवरून. १९५६ चा हिंदू वारसा कायदा यायला अजून चार वर्षे होती. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत तेव्हा मुलीला हिस्सा नव्हता. आत्याचे नाव त्या दाव्यात पक्षकार म्हणून कुठेच नव्हते. होते ते फक्त या कलमात.

खाली दोन सह्या. वडिलांची मोडीत. ती मी ओळखली, कारण बँकेच्या पासबुकावरही ते शेवटपर्यंत तशीच सही करीत.

आणि मग १,२०० रुपये! आमच्या पुण्याच्या दोन खोल्या १९५२ सालीच घेतलेल्या. पागडी कुठून दिली असे लहानपणी विचारले की आई म्हणे, “ह्या खोल्या म्हणजे मळाच समज.” मला वाटे, ती खोल्यांचे कौतुक करते आहे.

मग वडिलांनी आयुष्यभर ती दुसरी गोष्ट का सांगितली? कदाचित त्यांनी सांगितलीच नसेल. कदाचित ते गप्प राहिले आणि गोष्ट आम्ही केली. आत्या काकांकडेच होती आणि तिथेच वारली, एवढे माहीत होते. ती तिथे कोणामुळे होती ते माहीत नव्हते.

नकलेच्या अर्जात मी एक प्रत मागितली होती. खिडकीशी परत गेलो आणि दोन केल्या.

आठ दिवसांनी नकला मिळाल्या. पाठीवर शिक्का आणि तीन तारखा: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची. अपिलाच्या मुदतीतून नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात, म्हणून त्या घालायच्या असतात. आमच्या अपिलाची मुदत केव्हाच टळून गेली होती. चिरंजीवांना फोनवर सगळे वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग आजोबांना काय मिळालं?” मी म्हटले, “तू ज्या खोलीत जन्मलास ती.”

एक प्रत घेऊन मी गावी गेलो. चुलतभाऊ फाट्यावर घ्यायला आला होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण चालणे हुबेहूब माझ्या वडिलांचे. कागद त्याने उभ्याउभ्याच वाचला, घडी घातला, पुन्हा उघडला आणि ते आत्याचे कलम बोटाने धरून राहिला.

“आक्काची खोली अजून तशीच आहे,” तो म्हणाला. “माळवद पडलं, पण ती राहिली. आबा तिथं कोणाला काही ठेवू देत नसत. आम्हाला वाटायचं, हट्टी आहेत.”

घरी गेलो. वहिनी चुलीशी होती. तिने आतून विचारले, “भाऊजींना चहात साखर किती?” भावाने माझ्याकडे पाहिले. त्याला ते ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

“कमी,” मी म्हटले. “वडिलांना लागायची तेवढीच.”

“म्हणजे किती?” आतून पुन्हा आवाज आला.