मागचे सहा दाते

ट्रॅक्टर म्हातारा होतो तो मागच्या बाजूने. पुढे इंजिन असते, त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. धूर काळा यायला लागला की मालकाची झोप उडते. सकाळी दोन-तीनदा सेल मारूनही चालू झाला नाही की घरदार भोवती जमते. मागे मात्र, सीटच्या खाली, लिफ्टच्या दोन हातांच्या मधोमध, चार-पाच बोटे बाहेर आलेला एक शाफ्ट असतो. त्याच्याकडे काही जोडायचे असेल तेव्हाच पाहिले जाते. ग्रीस, धूळ आणि भुसा यांचा थर चढलेला हा पीटीओचा शाफ्ट. इंजिनाची ताकद चाकांना न देता थेट अवजाराला द्यायची असेल, तर ती इथूनच बाहेर पडते. मळणी यंत्र, रोटाव्हेटर, द्राक्षबागेतला ब्लोअर, कडबाकुट्टी: आजच्या शेतातली कितीतरी कामे या एका शाफ्टच्या सहा दात्यांवर चालतात.

नव्या शाफ्टचे दाते एकदा हाताने चाचपून पाहावेत. सरळ कडांचे, एकसारख्या रुंदीचे, आणि दोन दात्यांमधली खाच तेवढीच नेमकी. मग वीस-पंचवीस वर्षे राबलेला शाफ्ट रॉकेलने धुऊन उजेडात धरावा. प्रत्येक दात्याची एकच बाजू झिजलेली दिसते. दुसरी बाजू तशीच असते, कधी कधी कारखान्यातल्या हत्याराच्या बारीक रेघाही तिच्यावर शाबूत असतात. कारण सरळ आहे. मागून पाहिले तर हा शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, आणि उभ्या आयुष्यात त्याच दिशेने फिरतो. साऱ्या हंगामांचा, साऱ्या अडलेल्या पात्यांचा भार दात्याच्या एकाच गालावर येतो. झिजलेल्या बाजूवरून नख फिरवले तर योक, म्हणजे दात्यांवर चढणारे जोडणीचे तोंड, जिथे बसायचा तिथे एक पायरी लागते. त्या पायरीत त्या ट्रॅक्टरने मळलेला गहू आहे, हरभरा आहे, सोयाबीन आहे. शेतकऱ्याच्या घरात हिशेबाची वही नसेल, पण हा शाफ्ट सगळे लिहून ठेवतो.

ही झीज नुसत्या वयाने होत नाही, हे मात्र समजून घ्यायला हवे. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मधला लांब शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आले नाहीत, तर प्रत्येक फेऱ्यात झटका बसतो. योकांच्या सांध्यातल्या क्रॉसला ग्रीस मिळाले नाही की तो आधी किणकिणतो, मग सुकतो आणि मग आपला सगळा हादरा मागच्या बेअरिंगवर ढकलतो. बांधाशी वळताना रोटाव्हेटर फिरता ठेवूनच वर उचलला, की शाफ्टला नको तेवढा कोन येतो आणि दात्यांची कड खाल्ली जाते. आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे शिअर बोल्टच्या जागी कडक बोल्ट घालणे. तो मऊ बोल्ट तुटण्यासाठीच असतो. पात्यात दगड अडकला की त्याने तुटावे आणि पुढची मोलाची वस्तू वाचवावी, एवढेच त्याचे काम. कामात खोळंबा नको म्हणून आपण तिथे न तुटणारा बोल्ट घालतो, आणि मग दगडाचा धक्का दाते, बेअरिंग, गिअर यांच्यापैकी जो सर्वांत थकलेला असेल त्याच्यावर जातो.

हे सहा दाते आपल्या शेतात कुठून आले, तेही सांगण्यासारखे आहे. पूर्वी पीक कापणारी ओढायची यंत्रे आपल्याच चाकावर चालत. ती ओढली की चाक फिरे आणि चाकाने कापणारे पाते फिरे. रान ओले असले की चाक घसरे आणि पाते थांबे. म्हणजे घाई असे नेमकी तेव्हाच यंत्र रुसे. फ्रान्समधल्या गूगिस नावाच्या एका मेकॅनिकने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरूनच असे यंत्र फिरवण्याची घरगुती जोडणी केली. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे अभियंते एडवर्ड जॉन्स्टन यांनी ती पाहिली आणि लक्षात ठेवली. १९१८ मध्ये त्या कंपनीने बाजारात आणलेल्या ८-१६ या ट्रॅक्टरला पीटीओ मिळू लागला. पुढे शाफ्टचा व्यास, दात्यांची संख्या, फिरण्याची दिशा आणि वेग यांवर सर्वांचे एकमत झाले: सुमारे ३५ मिमी व्यास, सहा दाते, मिनिटाला ५४० फेरे.

त्याच कंपनीशी हातमिळवणी करून महिंद्राने १९६३ मध्ये आपल्याकडे ट्रॅक्टर बांधायचे ठरवले आणि १९६५ मध्ये मुंबईच्या कांदिवलीतून बी-२७५ बाहेर पडू लागला. त्या घराण्यातले जुने ट्रॅक्टर आजही एखाद्या वस्तीवर उभे दिसतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८५ मध्ये आपला शेती-यंत्रांचा धंदाच विकून टाकला. पण गेल्या वर्षी गुजरातेत किंवा पंजाबात तयार झालेला रोटाव्हेटर त्या जुन्या ट्रॅक्टरच्या मागे आणून लावा, तो बसतो. कंपन्या येतात-जातात, रंग बदलतात, आणि शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी शहाणपणाने ठरवलेले एक माप गरिबाच्या जुन्या ट्रॅक्टरला नव्या अवजाराची दारे उघडी ठेवते. मला तर हे माप इंजिनाच्या शोधाइतकेच थोर वाटते.

आपल्याकडे या शाफ्टने काय बदलले, हे खळे पाहिलेल्यांना विचारावे. मधे रोवलेला तिवडा, त्याला दावणीने बांधलेले बैल, पायाखाली कणसे, आणि मागे दिवसभर फिरणारा माणूस. मळून झाले की उफणणीसाठी वाऱ्याची वाट पाहायची. वारा पडला की घरच्यांनी नुसते आकाशाकडे बघत बसायचे. त्या खळ्याची आठवण गोड आहे, पण ते कष्ट गोड नव्हते. आज मळणी यंत्र वावरात येते, ट्रॅक्टर मागे सरकतो, शाफ्ट जोडला जातो आणि आलेला ढग बरसायच्या आत सोयाबीन पोत्यात पडते. म्हणूनच ऐन सुगीत पीटीओ बसला तर तो नुसता बिघाड राहत नाही. चार वावरांतल्या गंजी उघड्यावर पडतात आणि परतीचा पाऊस कुणासाठी थांबत नाही.

ट्रॅक्टर बसण्याआधी सांगतही असतो. शाफ्टच्या बुडाशी तेलाचा थेंब दिसतो आणि त्यावर धूळ बसून काळी साय धरते. भार आला की पीटीओची लिव्हर आपोआप सुटते, कारण आतल्या फोर्कची आणि सरकणाऱ्या कॉलरची कड गोल झालेली असते. ट्रॅक्टर बंद करून शाफ्ट हाताने वर-खाली हलवला तर हलतो. ही तीन चिन्हे ओळखावीत आणि काम उन्हाळ्यावर घ्यावे. रब्बीची मळणी आटोपली की मृगापर्यंत जो मोकळा वेळ मिळतो, तो याच कामाचा.

तालुक्याच्या गावात बाजार समितीच्या मागच्या गल्लीत असे काम करणारे मिस्त्री असतात. मी ज्यांचे काम पाहत बसतो, ते पान्हा उचलण्याआधी मागची बाजू धुऊन काढतात. “उघडल्यावर आत माती गेली तर नवा माल घालून काय उपयोग?” हे त्यांचे पहिले वाक्य. मग तेल काढायचे. गिअरबॉक्सचे तेल पसरट पाटीत पडताना ते वाकून पाहतात. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, चमचमत असेल तर आत कुठला तरी धातू झडतो आहे. बोल्ट सुटतात, हाऊसिंगला हलक्या हाताने ठोकले जाते आणि शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर येतो.

इथे मालकाचा आणि मिस्त्रींचा ठरलेला संवाद होतो. मालक म्हणतो, “मिस्त्री, दाते वेल्डिंगने भरून लेथवर काढता नाही का येणार?” मिस्त्री हात पुसतात. “काका, भरून देतो म्हणाल तर देतो. पण ह्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते उतरतं. भर सुगीत पिळून तुटला तर मला बोल लावू नका.” जुना योक नव्या शाफ्टवर चढवायलाही ते तयार नसतात. झिजलेला योक नव्या दात्यांना पहिल्याच हंगामात आपल्यासारखे करून सोडतो. दोन्ही बदलायचे, नाहीतर पैसे घालूच नका, असा त्यांचा शिरस्ता.

बेअरिंग आणायला गेले की मला नेहमी एक समाधान वाटते. ट्रॅक्टर कितीही जुना असो, बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला आकडा वाचता आला की काम झाले. समजा ६२०७ असेल, तर शेवटच्या ०७ ला पाचाने गुणायचे: ३५ मिमीचे भोक. हा आकडा सांगितला की जगात कुठल्याही दुकानात तेच माप हातात पडते. मात्र माप तेच असले तरी माल तोच नसतो. खोक्यावरची छपाई पुसट, कड्यावरचा आकडा अस्पष्ट आणि किंमत निम्मी असेल, तर ते बेअरिंग दुकानातच राहू द्यावे.

सगळ्यांत नाजूक काम सीलचे. जुना सील काढल्यावर तो ज्या जागी शाफ्टला टेकत होता, तिथे एक गोल रेघ दिसते. बोटाने जाणवते इतकी खोल. विहिरीच्या दगडी काठाला दोराने खाच पडावी, तसे मऊ रबराने कडक पोलाद कापलेले असते. सीलच्या ओठात अडकलेल्या धुळीच्या कणांनी हे काम वर्षानुवर्षे केले. शाफ्ट बदलायचा नसेल आणि नवा सील बरोबर त्याच रेघेवर बसला, तर तेल पुन्हा गळणार. म्हणून मिस्त्री तो किंचित आत किंवा बाहेर बसवतात, ओठाला कोरे पोलाद मिळेल असा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. आणि शाफ्टवरून सील चढवताना सहाही दात्यांवर ते गुळगुळीत कागद घट्ट गुंडाळतात, वर तेलाचे बोट फिरवतात, म्हणजे दात्याच्या कडेने ओठ फाटत नाही. पॅकिंग ते विकतचे घेत नाहीत. जाड कागद हाऊसिंगच्या तोंडावर धरतात आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत जातात. धातूची कडच कागद कापते, बोल्टची भोकेही तशीच उमटतात. त्या टकटकीचा ताल ऐकत मी तासभर बसू शकतो. बेअरिंग तेलात तापवून चढते. ठोकावे लागलेच तर नळी आतल्या कड्यावर टेकवून, कारण बाहेरच्या कड्यावर बसलेला ठोका गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या चाकोरीवर खळगे पाडतो. हे ज्ञान कुठल्या भिंतीवर लावलेले नसते. ते पोराला बापाच्या शेजारी बसून, पान्हे पुसता पुसता मिळते.

नवा शाफ्ट, नवा सील, नवे बेअरिंग घालून ट्रॅक्टर परत घरी निघतो. पण त्याच्या मागे एक जागा रिकामीच असते, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हे लिहिणे अपुरे राहील. शाफ्टच्या वर पत्र्याचे एक झाकण असते. मधल्या लांब शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी असते. जोडताना अडचण होते म्हणून झाकण कधीतरी काढले जाते आणि गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत राहते. नळी फुटते आणि पुन्हा येत नाही. झिजलेला दाता काम थांबवतो, म्हणून आपण तो बदलतो. नसलेले झाकण काम थांबवत नाही, म्हणून ते कुणाच्या यादीतच येत नाही.

हिशेब मांडून पाहा. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. ३५ मिमीच्या शाफ्टचा घेर सुमारे ११ सेंटिमीटर. म्हणजे उघडा शाफ्ट सेकंदाला जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळतो. मधला शाफ्ट याहून जाड असतो, तो आणखी वेगाने ओढतो. पदराचे टोक, उपरण्याची गाठ, सैल बाही, काय चालले आहे हे कळायच्या आत माणूस ओढला जातो. इंजिन बंद करायला धावणाऱ्यालाही तेवढा वेळ मिळत नाही. मळणीवर हात आणि जीव गमावण्याचे प्रकार आपल्या देशात इतके झाले की धोकादायक यंत्रांच्या नियमनासाठी १९८३ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला, आणि तो करताना डोळ्यांपुढे मळणी यंत्रच होते. कायदा दिल्लीत आहे. झाकण आपल्या गोठ्यात आहे.

म्हणून माझी विनंती आहे. या उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा मागचा भाग उघडाल तेव्हा सुट्या भागांची यादी झाकणापासून सुरू करा. शाफ्ट, सील, बेअरिंग, क्रॉस हे सगळे त्याच्याखाली लिहा. मिस्त्रींना सांगा की झाकण बसल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. मळणीला येणाऱ्या बायामाणसांना पदर खोचून घ्यायला सांगा आणि पीटीओ फिरत असताना शाफ्ट कुणालाही ओलांडू देऊ नका. दाते पुन्हा मिळतात, आकडा सांगितला की बेअरिंगही मिळते. माणसाचा हात कुठल्याच दुकानात मिळत नाही.