आमटीचा हिशेब

घरखर्च ही मोठी लाजरी वस्तू आहे. माणूस एकवेळ आपला पगार मित्राला सांगेल. पण महिन्याला तेल किती लागते, हे सख्ख्या शेजाऱ्यालाही सांगणार नाही! 2023 च्या उन्हाळ्यात सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीसाठी आमचे घर निवडले गेले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले यात नवल ते काय?

राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 साली महालनोबिसांच्या पुढाकाराने सुरू झाली, त्याच परंपरेतली ही पाहणी. भाजीचा हिशेब सात दिवसांचा, तांदूळ-गव्हाचा तीस दिवसांचा, कपड्यांचा वर्षाचा. आणि तोही तीन खेपांत! जनगणनेला उत्तर देणे 1948 च्या कायद्याने बंधनकारक आहे. इथे मात्र सारी भिस्त घरच्यांच्या राजीखुशीवर.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, सरळ नाही म्हणा. 2017-18 च्या पाहणीचे आकडे सरकारने बाहेर येऊच दिले नाहीत. मग सांगायचे कशाला?"

सौभाग्यवतींची अडचण निराळी होती. आईच्या औषधांना दरमहा किती लागतात, हे तिने आईलाही कळू दिलेले नाही. कळले तर म्हातारी गोळ्या सोडील, ही धास्ती!

मी विचार केला. आपण दार लावले तर यादीत दुसरे घर येईल; पण त्या घरात आमची आई नसेल. महागाईच्या निर्देशांकात कशाला किती वजन द्यायचे, ते अशाच पाहण्यांवरून ठरते. देशभरातून घरे निवडली ती 2,61,746. म्हणजे एकेक घर हजारभर घरांच्या वतीने बोलणार. त्यांतही कुणाची तरी आई असेलच. आणि दडवलेल्या आकड्याचा जाब तरी विचारता येतो. न सांगितलेल्याचा कुणाला विचारणार?

हिला ते पटले. "मात्र दुपारी या म्हणावे, आई निजल्यावर," एवढीच तिची अट.

पुढे निकाल छापून आला. शहरी घराच्या शंभर रुपयांतले 39 अन्नावर जातात. उरलेल्या 61 मध्ये कुठेतरी आईच्या गोळ्याही आहेत. आईला अजून ठाऊक नाही. देशाला मात्र आहे.