सात भावांची वाटणी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त झालं माझ्या नातीचं.

मागच्या महिन्यात तिच्याबरोबर मुंबईला गेले होते. गाडी फलाटाला लागली आणि सवयीने तोंडातून निघालं, "चला, व्हीटी आलं." नाव बदललं १९९६ साली, पण जुनी जीभ, तिला वळण कुठलं लागायला! नातीने विचारलं, "आजी, व्हीटी म्हणजे काय गं?" मी व्हिक्टोरिया राणीचं सांगितलं. पुढचा प्रश्न, "ती कुठली होती?" इंग्लंडची, असं ठोकून दिलं खरं, पण मास्तरकीची खोड. घरी येऊन शोधायला बसले. तर राणीचं आजोळ जर्मनीतलं, कोबुर्गचं. नवरा आल्बर्टही तिथलाच, सख्ख्या मामाचा मुलगा. वंशावळीत मागे मागे जाता जाता सतराव्या शतकातल्या एका छोट्या ड्यूकपाशी पोहोचले आणि तिथेच रेंगाळले.

त्याचं नाव अर्न्स्ट. जन्म १६०१, नाताळच्या दिवशी. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता. आई डोरोथेआ मारिया मोठी जाणती बाई. मुलांना आधी मातृभाषेत शिकवा, लॅटिन मागाहून, असं सांगणाऱ्या रात्के नावाच्या शिक्षकाला तिने आधार दिला. ती १६१७ साली गेली. पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं. अर्न्स्ट स्वतः स्वीडनच्या राजाच्या बाजूने लढला. १६४० साली भावांमध्ये वाटणी झाली आणि त्याच्या वाट्याला गोथा आलं. मुलूख एवढासा, तोही युद्धाने उजाड झालेला.

अशा मुलखात माणूस आधी काय करील? याने शाळा काढल्या. १६४२ साली आंद्रेआस रायहर या मुख्याध्यापकाकडून शाळा कशी चालवावी याची नियमावलीच लिहून घेतली. खेड्यातल्या मुलांनी आणि मुलींनीही शाळेत यायचंच, न पाठवणाऱ्या आईबापांना दंड. हे वाचून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. पटनोंदणीसाठी उन्हातान्हात घरोघरी फिरले आहे मी. "पोरगी शाळेत गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार?" हे किती दारांत ऐकलं असेन! दंड कुणाला लावता आला नाही, पण ती दारं ओळखीची वाटली. गोथाचे शेतकरी इतर ठिकाणच्या शहरवासीयांपेक्षा जास्त शिकलेले, असं पुढे लोक म्हणू लागले. देवभोळेपणाबद्दल काही जण त्याची थट्टाही करीत, पण त्याच्या नावामागे 'धर्मनिष्ठ' हे बिरुद कायमचं लागलं.

१६४३ साली, युद्ध संपायला पाच वर्षं असताना, त्याने मोठा राजवाडा बांधायला घेतला. नाव ठेवलं फ्रीडेनश्टाइन, म्हणजे शांतीचा दगड. दारावर शांती आणि न्याय यांची गळाभेट कोरली आहे. शांतीने माणूस पोसला जातो आणि कलहाने खाल्ला जातो, अशा अर्थाची अक्षरंही आहेत.

आता घरची गोष्ट. बायको एलिझाबेथ सोफी हिला अठरा मुलं झाली. कितीतरी लहानपणीच गेली. १६७५ साली ड्यूक वारला तेव्हा सात मुलगे मागे होते. बापाची इच्छा होती की थोरल्या फ्रीडरिशच्या हाताखाली सगळ्यांनी मिळून राज्य करावं. पाच वर्षंही निभलं नाही. १६८० साली सात वाटण्या झाल्या. आई तेव्हा हयात होती. त्याच वर्षाच्या शेवटी तीही गेली. पुढे सातांपैकी तिघे मुलाविना वारले आणि त्यांच्या तुकड्यांवरून उरलेल्यांच्या घराण्यांत १७३५ पर्यंत भांडण चाललं. ज्या शेंडेफळाच्या वाट्याला चिमुकलं झाल्फेल्ड आलं, त्याच्याच वंशात पुढे व्हिक्टोरियाची आई जन्मली. दारावरचा दगड मात्र अजून तसाच आहे.

इथे मी चष्मा काढून ठेवला.

आमच्या वडिलांचंही शेवटचं वाक्य होतं, "घर मोडू नका." मोडलं. दोघा भावांमध्ये माजघरातून भिंत गेली. देवघर एकीकडे, विहीर दुसरीकडे. आई सहा महिने अलीकडे आणि सहा महिने पलीकडे जेवली. मी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाले आणि आपण भांडणात नाही याचा वर्षानुवर्षं अभिमान बाळगला. आईला त्या भिंतीबद्दल काय वाटतं, हे एकदाही विचारलं नाही. तेवढं विचारायला काही कागद लागत नव्हता.

माझं मृत्युपत्र गेलं वर्षभर अर्धवट पडलं आहे. त्यात पहिलंच वाक्य होतं, 'मुलांनी एकोप्याने राहावं.' काल ते खोडलं. ज्याने अख्ख्या मुलखाला शाळेत बसवलं, त्याला सात मुलांकडून एवढं करून घेता आलं नाही, मी कोण? एकोपा कागदावर लिहून देता येत नाही, हिशोब देता येतो. तेव्हा कुणाला काय, ते माझ्या डोळ्यांदेखत, तिघांना एकत्र बसवून सांगणार आहे. दोन मुलगे आणि लेक, तिघांना सारखं. लेकीकडे हक्कसोडीची सही कुणी मागायची नाही. मुलांनो, तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणूनच इथे लिहिलं.

आणि दादा, तुझा मुलगा तुला हे वाचून दाखवतो असं कळलं. दिवाळीनंतर चार दिवस येते आहे. उतरेन तुझ्याकडे, पण जेवेन दोन्हीकडे. धाकट्याला तसं तूच कळव.