आपला पेला आपण भरू नये

परदेशी निघालेल्या माणसाला सगळे जण थंडीची भीती घालतात. कानटोपी घे, लोकरीचे मोजे घे, मेतकूट तर घेच घे. पण तिथल्या हॉटेलात कसं वागायचं, हे कुणी म्हणजे कुणी सांगत नाही. जणू आपण वर्षभर कानटोपी घालून मेतकूट-भातच खाणार आहोत!

मी बँकेतला कारकून. बी.कॉम., दुसरा वर्ग. 2022 साली माझी टोकियोला रवानगी झाली ती काही कर्तबगारीमुळे नव्हे. तिथल्या शाखेत संगणकाची नवी प्रणाली बसवायची होती आणि ती बसवणाऱ्या पोरांना व्हाउचर म्हणजे काय, हे सांगायला एक जुना माणूस हवा होता, एवढंच.

टोकियोत हॉटेलाचं दार सरकवलं की आतून एकच गलका होतो, "इराश्शाइमासे!" म्हणजे "या, या!" मालक ओरडतो, वेटर ओरडतो, आतला आचारीसुद्धा ओरडतो. गिऱ्हाईक काउंटरशी आलं तरी मान वर करायची नाही, या परंपरेत माझी वीस वर्षं गेलेली. हे स्वागत आपलंच आहे यावर विश्वास बसेना. मी आपला मागे वळून पाहायचो, कोण बडी असामी आली म्हणून!

रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, कित्येक दुकानांत दाराशीच यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची नि आत द्यायची. पितळी टोकन देऊन लोकांना बाकावर बसवणाऱ्या आमच्या धंद्याचीच ही पुढची पायरी. फरक इतकाच की इथे चिठ्ठी दिल्यावर खरोखरच काहीतरी मिळतं, आणि तेही गरम असताना. बरं, त्या शेवया चक्क भुरके मारत खायच्या! कढीच्या भुरक्यावरून अठरा वर्षं घरात ऐकून घेणारा मी तिथे प्रथमच सुसंस्कृत ठरलो. मात्र भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. तसा भात तिथे मृतासमोर ठेवतात. पिंडाला हात जोडलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कॉमर्सवाला असल्यामुळे मला खरा रस करात. 2019 च्या ऑक्टोबरात तिथे नियम आला : पदार्थ बांधून नेला तर 8 टक्के, तिथेच बसून खाल्ला तर 10. म्हणजे बुड टेकण्याचे 2 टक्के! इराण्याकडे एका चहावर दोन तास बसणाऱ्यांना हा कर लावला, तर आपल्या सरकारची तूट महिन्याभरात भरून निघेल. टिपेची मात्र पद्धतच नाही.

ऑफिस सुटल्यावर मंडळी इझाकायात जमतात. तिथे बसल्याबसल्या, न मागवता, एक इवलीशी वाटी समोर येते. तिचं नाव ओतोशी. बिलात तिचे 300 ते 500 येन लागतात. बरोबरची आपली पोरं करवादली. मी गप्प. न विचारता खात्यातून पैसे कापण्याबद्दल बोलायचा नैतिक अधिकार बँकेच्या माणसाला नसतो.

पण मनाला लागलं ते उठताना. 'वारिकान' म्हणजे बिल भागिले डोकी. मोबाइल निघाले, भागाकार झाला, येनाला येन जुळला. आपल्याकडे गल्ल्यापाशी "मी देतो, मी देतो" अशी झटापट होते. तिच्यात एक गोम आहे. आज तू दिलेस, म्हणजे उद्या मी देणार. म्हणजे उद्या आपण भेटणार! उधारी हाच आपला ऋणानुबंध. इथे खातं रात्रीच्या रात्री मिटलेलं. आणि ज्या खात्यात देणं-घेणं होत नाही ते निष्क्रिय होतं, हा आमच्या बँकेचा नियम. बायको-मुलं डोंबिवलीत नि आपण टोकियोत एकटे, अशा वेळी हे निष्क्रिय खातं फार जिव्हारी लागतं हो.

मग एके संध्याकाळी ध्यानात आलं की टेबलावर कुणीच आपला पेला आपण भरत नाहीये. शेजाऱ्याचा आपण भरायचा, आपला शेजारी भरतो. मी पिणारा नव्हे. माझ्यापुढे ऊलाँगचा बिनदुधाचा गार चहा. पण शेजारचे गृहस्थ, ज्यांच्याशी आठ महिन्यांत माझं 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणं नव्हतं, गप्पांच्या ऐन रंगातही माझा पेला अर्ध्याखाली जाऊ देत नव्हते. मी बाटली उचलून त्यांचा पेला भरू लागलो, तर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. तीर्थ घेताना आपण धरतो तसा.

म्हणजे उधारी इथेही होती, फक्त पैशाची नव्हती. पैशाचा हिशेब येनापर्यंत मिटवायचा आणि लक्ष ठेवण्याची बाकी मात्र कधीच मिटवायची नाही. असं खातं वीस वर्षांत माझ्या लेजरात आलं नव्हतं.

परत आल्यापासून उडप्याकडे बसलं की माझी नजर आधी दुसऱ्यांच्या पेल्यांकडे जाते. परवा एका मित्राचा पेला अर्धा झालेला पाहून मी लगबगीने पाणी ओतलं. त्याने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाणी पाजून सुटायला बघू नकोस. आज बिल तुझं आहे."