खानापूरची माती, खाणीची भुकटी

बेळगावहून लोंढ्याकडे जाताना खानापूर जवळ आले की रस्त्याकडेला रचलेल्या विटा दिसू लागतात. मलप्रभेच्या काठच्या या चिकण मातीवर विटा आणि कौलांचा धंदा उभा राहिला. लहानपणी वाटायचे, ही माती कधी संपणारच नाही.

संक्रांतीनंतर गावी गेलो तो याच मातीसाठी. आजोबांनी एका शेतातली तीन फूट माती भट्टीला दिली होती. शेत खाली बसले, पावसात तिथे तळे साचते, भात कुजतो. आता शेजारच्या शेताची मागणी आली होती. बाबा म्हणाले, "तूच जाऊन बोलून ये."

भट्टीवाल्या काकांनी आधी एक करडा ढीग दाखवला. "खडीच्या खाणीवरची भुकटी. तिथं नुसती पडून उडत असते. दहा घमेली मातीत एक-दोन मिसळतोय."

चिकण माती वाळताना आक्रसते, म्हणून कच्च्या विटेला भेगा जातात. दगडाची भुकटी आक्रसत नाही. ती मिसळली की भेगा कमी पडतात. पण प्रमाण वाढले तर माती नीट धरत नाही, विटेचे कोपरे ढासळतात. कौल पातळ असते, म्हणून त्यासाठी भुकटी आणखी बारीक चाळावी लागते.

"कुठलाही दगड चालतो का?" मी विचारले.

काका हसले. "एकदा शहाबादी फरशी कापतात तिथली भुकटी आणली, न चाळता. विटा भाजून छान निघाल्या. पाणी लागलं आणि फुटायला लागल्या बघ!" शहाबादी म्हणजे चुनखडक. भट्टीत त्याच्या खड्यांचा कळीचा चुना होतो. पुढे ओल लागली की तो फुगतो आणि वीट आतून फोडतो. काळ्या दगडाच्या भुकटीत ही भीती नाही.

"मग आमचं शेत कशाला हवं, काका?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "भुकटीनं माती कमी लागते रे, लागायची थांबत नाही."

खरे बोलले, म्हणून मलाही खरे बोलता आले. शेत देणार नाही, असे सांगून उठलो. रागावतील वाटले होते. पण निघताना त्यांनी भुकटीच्या दोन विटा पिशवीत घातल्या. "बाबांना दाखव."

त्या आता आमच्या तुळशीपाशी आहेत. एक पावसाळा काढला, अजून चीर नाही.