भोगावतीच्या काठाने दाजीपूरकडे

‘राधानगरीचे दरवाजे उघडले.’ जुलै-ऑगस्टच्या दिवसांत हे एवढे वाक्य कानी पडले की कोल्हापुरातील नदीकाठचा व्यापारी हातातले काम बाजूला ठेवून उठतो. मग राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी विचारली जाते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे आमच्या घरातील लहान मुलांनाही पाठ आहेत. राधानगरी या गावाशी आमच्या कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा परिचय एवढाच, या बातमीपुरता होता. अवघ्या 55 किलोमीटरांवरचे हे गाव आम्ही कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

आमचा पिढीजात व्यवसाय गुळाचा. शाहूपुरीत दुकान आणि जयंती नाल्याच्या अंगाला एक गोदाम. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या गोदामात पुरुषभर पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा रव्यांच्या थप्प्यांच्या जागी काळपट, आंबूस राब उरली होती. 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा 56 फुटांच्याही वर गेली. त्या खेपेस माल रातोरात हलवला, म्हणून केवळ भिंती भिजल्या. तेव्हापासून माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या मनात एक अढी बसली होती. ‘वर कुणीतरी दरवाजे उघडतो आणि खाली आपण बुडतो,’ असे ते म्हणत. तो ‘कुणीतरी’ कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण त्याच्यावरचा राग पक्का होता.

गेल्या डिसेंबरात माझ्या मुलीने गवा पाहण्याचा हट्ट धरला आणि आम्ही दाजीपूरला जाण्याचा बेत केला. शहात्तरीचे आप्पा अनपेक्षितपणे म्हणाले, “मीही येतो. ते दरवाजे मला एकदा बघायचे आहेत.”

रंकाळा मागे टाकून आपण हळदी, परिते, भोगावती साखर कारखाना असे पुढे जाऊ लागतो, तसा रस्ता नदीची सोबत सोडत नाही. दोन्ही अंगांना ऊस. गुऱ्हाळांच्या चिमण्यांतून धूर निघत होता आणि काहिलीतल्या रसाचा वास गाडीत येत होता. नदीवर ठिकठिकाणी बंधारे दिसले. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुन्हा पावसाच्या आधी ते काढून नदी मोकळी करायची, ही त्यांची साधी रीत. ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणून ते देशभर ओळखले जातात. धरणातून सोडलेले पाणी या बंधाऱ्यांत थांबते, तेथून उपसून शेतात जाते, शेतातून उसात आणि उसातून आमच्या काट्यावर येते. जन्मभर गूळ जोखणाऱ्या आप्पांनी ही साखळी प्रथमच एका दृष्टिक्षेपात पाहिली असावी. ते मुकाट्याने बाहेर बघत होते.

राधानगरी हे डोंगरांच्या कुशीत, भोगावतीच्या काठी वसलेले टुमदार गाव. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या नावावरून त्याला हे नाव दिले, तर धरणाच्या जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांचे चटके महाराजांनी राज्यावर येताच सोसले होते. त्यातूनच संस्थानाचे पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले गेले आणि 1907 च्या सुमारास या धरणाचा घाट घालण्यात आला. एका लहान संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारे हे काम होते. पैशाअभावी ते मध्येच थांबले. महाराज 1922 मध्ये गेले. धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर, 1957 मध्ये. ज्याने पाया घातला त्याने पूर्ण भरलेला तलाव पाहिला नाही. ज्या शाहूपुरी पेठेत आमचे दुकान आहे, तीही 1895 मध्ये याच राजाने व्यापारासाठी वसवली. पेठ आणि तिला माल पुरवणारे पाणी, दोन्हींची चिंता एकाच माणसाने वाहिली होती.

धरणाचे सात दरवाजे आम्ही दुरून पाहिले. डिसेंबर असल्याने ते मिटलेले आणि कोरडे होते. जवळच उभ्या असलेल्या गावातील एका जाणत्या गृहस्थांनी आप्पांना त्यांची रचना समजावली. हे दरवाजे कोणी माणूस उघडत नाही, त्यांना वीज लागत नाही. तलावातील पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की पाण्याच्याच दाबाने एकेक दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप मिटतो. एका दरवाज्यातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी बाहेर पडते. सातही उघडले तर जवळजवळ दहा हजार.

“म्हणजे उघडायचं की नाही, हे कुणी ठरवतच नाही?” आप्पांनी विचारले.

“नाही, आप्पा. तळं भरलं की वरून जेवढं येईल तेवढं खाली जाणार.”

आप्पा बराच वेळ त्या मिटलेल्या दरवाज्यांकडे पाहत राहिले. इतकी वर्षे ज्याच्यावर राग धरला, तो माणूस तेथे नव्हताच.

मुक्काम गावातच एका घरगुती निवासात केला. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि कंदमुळे खात नाही, हे आधी कळवून ठेवले होते. यजमानीणबाईंनी साडेपाचलाच ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, आमटी-भात आणि सोलकढी अशी पाने वाढली. दिवस मावळताच गारठा पडला आणि जलाशयावरून धुके गावात उतरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजीपूर गाठले. पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे हे रान. 1958 मध्ये ते अभयारण्य झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन ‘राधानगरी अभयारण्य’ हे नाव आले. क्षेत्र 351 चौरस किलोमीटर. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा महाराष्ट्रातील कास, कोयना आणि चांदोली यांच्याबरोबर राधानगरीचाही त्यात समावेश झाला. जेथे बंदुका चालल्या, तेथे आज प्राण्यांना अभय आहे. आपल्यासारख्या वाचकांना हा बदल विशेष समाधान देणारा वाटेल.

प्रवेशशुल्क भरून, स्थानिक जीप आणि मार्गदर्शक तरुण घेऊन आम्ही आत शिरलो. काही अंतर जाताच आकाश नाहीसे झाले. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, उंबर यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, त्यांवर जाडजूड वेलींचे पीळ, बुंध्यांवर शेवाळ. सदाहरित आणि निमसदाहरित जंगल यालाच म्हणतात, हे पुस्तकात वाचलेले होते. पण सकाळचे नऊ वाजून गेले तरी खाली संध्याकाळचाच उजेड असतो, हे पुस्तकात नव्हते. एका फांदीवरून तांबूस, झुपकेदार शेपटीचे शेकरू झेपावले. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. पाय जमिनीला क्वचितच लावतो. मार्गदर्शकाने त्याची काड्या-पानांची दोन-तीन घरटी दाखवली. कोठून तरी शीळ घातल्यासारखा लांब सूर आला. “शीळकरी कस्तुर,” तो कुजबुजला. पक्षी मात्र दिसला नाही.

एका वळणावर त्याने गाडी थांबवली आणि माझ्या मुलीच्या हातातील पाण्याची बाटली मागितली. थोडे पाणी त्याने कडक मुरमाच्या रस्त्यावर ओतले. ते ओघळ धरून क्षणात उताराला लागले. मग झाडाखालच्या पाचोळ्यावर तेवढेच पाणी ओतायला त्याने मुलीला सांगितले. पाणी दिसेनासे झाले. तिने पाचोळा उचकला, तर खाली काळी, भुसभुशीत, ओलसर माती. “पाऊस आधी पानांवर फुटतो, मग बुंध्यावरून उतरतो, मग इथे मुरतो. म्हणून या ओढ्यांना पावसाळा संपल्यावरही पाणी असतं,” तो म्हणाला. “तुमच्या उसाला उन्हाळ्यात मिळतं त्यात हेही आहे.”

आप्पांनी लगेच विचारले, “मग 2019 साली ही माती कुठं गेली होती?”

प्रश्न तिखट होता. पण त्या तरुणाने तो टाळला नाही. “आप्पा, भिजलेलं पोतं अजून किती पाणी पिणार? दिवसांमागून दिवस कोसळला, की जंगल भरतं, तळं भरतं. आणि पाणी काय एकट्या भोगावतीचं? कासारी, कुंभी, तुळशी, सगळ्याच फुगल्या होत्या. जंगल पूर थांबवत नाही. ते नसतं तर पाणी आणखी लवकर आलं असतं आणि माती घेऊन आलं असतं, एवढंच.”

सावराई सड्यावर पोहोचलो तेव्हा एकदम उघडे आकाश भेटले. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे विस्तीर्ण पठार. पावसाळ्याच्या अखेरीस येथे रानफुलांचे गालिचे पसरतात. डिसेंबरात गवत पिवळे पडलेले होते. आम्ही झाडीच्या कडेला गुपचूप उभे राहिलो. अर्धा तास काहीच घडले नाही. मुलगी कंटाळू लागली होती, तेवढ्यात समोरच्या रानातून एक काळी आकृती बाहेर आली. मागोमाग आणखी चार, आणि त्यांच्या पायांत तांबूस रंगाचे एक वासरू. गवे! पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाते, हे ऐकले होते. पण त्या देहाचे पाऊल गवतावर पडताना आवाज होत नाही, हे तेथे कळले. गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय मोज्यांसारखे दिसत होते. पुढची गाय थांबली, मान उंचावून तिने आमच्या दिशेने हुंगले आणि निवांतपणे चरू लागली. आम्हांला तिने तेथे उभे राहू दिले, असेच वाटले. पाच-सात मिनिटांत कळप पुन्हा रानात विरून गेला. हेच गवे कधी उसात शिरतात, माणसांवर संकट येते, शेतकऱ्याचे नुकसान होते, हेही खरे. तो प्रश्न सोपा नाही. पण त्यांची जागा कोणती आणि आपली कोणती, हे सड्यावर उभे राहिल्यावर नीट दिसते.

परतीच्या वाटेवर आप्पा आपणहून बोलू लागले. “गोदामाची जागा घेतली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, ही नाल्याची जागा आहे, घेऊ नका. स्वस्त मिळत होती. भराव घातला आणि बांधलं. 2005 ला पाणी पायरीला लागून गेलं, तेव्हाही मी समजलो नाही. धरणाला बोल लावत बसलो.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “आपल्या धंद्याचं मुद्दल आपल्या तिजोरीत नाही रे. ते वर आहे, त्या पाचोळ्याखाली.”

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. नोव्हेंबर ते मे हा काळ योग्य, त्यातही थंडी उत्तम. परवानगीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि शक्यतो सकाळी पहिल्या गाडीने आत जावे. भडक कपडे, अत्तर आणि मोबाइलवरची गाणी घरी ठेवावीत. घरून नेलेल्या फराळाचा एक कागदही मागे राहू नये. मार्गदर्शक स्थानिकच घ्यावा आणि त्याच्याशी घासाघीस करू नये. ते रान राखले जावे, असे वाटण्याचे कारण त्याच्या पदरात पडले पाहिजे.

आता एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. आमच्या त्या गोदामाला एक गिऱ्हाईक आले होते. दिवाळीत आम्ही भिंतींना रंग दिला होता आणि पुराची रेघ त्याखाली झाकली गेली होती. मुद्दाम झाकली, असे मी म्हणणार नाही. पण झाकली गेली याचे कोणाला वाईटही वाटले नव्हते. दाजीपूरहून परतल्यावर आप्पा मला घेऊन गोदामात गेले. त्यांनी टेपने माप घेतले, गेरूने भिंतीवर दोन रेघा ओढल्या आणि शेजारी लिहिले : ऑगस्ट 2019, जुलै 2021. गिऱ्हाईक आले तेव्हा त्यांनी आधी त्या रेघा दाखवल्या, मग भाव सांगितला. तो गृहस्थ ‘विचार करून कळवतो’ म्हणून गेला. अद्याप त्याचा निरोप नाही आणि आला तरी किंमत बरीच उतरणार, हे उघड आहे. आप्पांच्या जेवणात किंवा झोपेत त्याने काही फरक पडलेला नाही.

यंदाच्या जुलैत बातमी आलीच : राधानगरीचे दरवाजे उघडले. सवयीने मी पाणीपातळी विचारायला फोन उचलला. आप्पा मात्र नातीला म्हणत होते, “तळं भरलं बघ. सड्यावर आता हिरवं गवत आलं असेल. ते वासरू केवढं झालं असेल गं?”