मागच्या बैलाची चाल

गेवराई तालुक्याची भूमी बहुतांशी सपाट. उत्तरेला गोदावरीचे पात्र, शिवारातून पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी, काळ्या जमिनीत कापूस आणि ऊस, आणि या सर्वांना छेदून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग. या मुलखात दुचाकी शिकलेल्या माणसाला वेग ठाऊक असतो, ऊन ठाऊक असते, उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे मुकाट्याने रेंगाळण्याचा धीरही त्याच्या अंगी असतो. पण वळण त्याला ठाऊक नसते. बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट लागेपर्यंत रस्ता त्याची परीक्षा घेत नाही, आणि व्यापारी घरातील तरुण बीडच्या पुढे जातो तो बहुधा एसटीने किंवा घरच्या मोटारीने.

अशाच एका तरुणाची ही हकीकत. वय बत्तीस, शिक्षण बी.कॉम., घरचे कापडाचे दुकान आणि तो त्या गादीवरील तिसरी पिढी. पंधरा वर्षे घर, दुकान आणि बँक एवढ्याच परिघात स्कूटी फिरली. गेल्या दिवाळीचा हंगाम चांगला गेला आणि त्याने साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेतली. वडील काहीच बोलले नाहीत. ज्या घरात प्रत्येक खर्चावर दोन शब्द बोलले जातात, त्या घरात न बोलणे हेच बोलणे असते. आजी मात्र दारात येऊन म्हणाली, "जयणेनं चालव रे बाबा."

गावात मोटारसायकलवरून भटकंती करणारा सहा जणांचा एक गट होता. कोणाचे किराणा दुकान, कोणाचे औषधांचे, कोणाचे कृषी सेवा केंद्र, एक जण शाळेत शिक्षक. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ या गटाचे प्रमुख. त्यांना सर्व जण 'काका' म्हणत. नवा तरुण सातवा झाला. पौष महिना लागला, लग्नसराई थांबली, कापडाच्या दुकानाला सवड मिळाली, आणि दोन दिवसांत माळशेज घाट पाहून परतण्याचा बेत ठरला.

हा बेत ऐकायला दूरचा वाटतो. पण माळशेजचा रस्ता गेवराईकरांना परका नाही. कल्याणहून निघालेला महामार्ग माळशेज चढून ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर, पाथर्डी, खरवंडी असा गेवराई तालुक्यात पाडळसिंगीला येतो आणि पुढे माजलगाव, परभणी, नांदेडकडे जातो. मुंबईहून येणारा माल याच रस्त्याने कितीदा तरी दुकानात येऊन पडलेला असतो. त्या मालाने पाहिलेला घाट मालकाने पाहिलेला नसतो, एवढेच.

निघण्यापूर्वी काकांनी नियम सांगितले. सरळ रस्त्यावर एक गाडी डावीकडे, तिच्या मागची थोडी उजवीकडे, अशी तिरपी रांग ठेवायची. पुढची गाडी ज्या खांबापाशून गेली, त्या खांबापाशी आपण निदान दोन सेकंदांनी पोहोचायचे. घाट लागला की तिरपी रांग मोडून एकामागे एक व्हायचे आणि अंतर आणखी वाढवायचे. गटातील कोणी कोणाला ओलांडायचे नाही. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचे. सर्वांत शेवटी अनुभवी माणूस असेल. तो कोणालाही मागे टाकून पुढे येणार नाही. गटात दोघे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणारे होते, म्हणून मुक्कामाला उजेडातच पोहोचायचे ठरले. त्यामुळे अनोळखी रस्त्यावर अंधारात गाडी हाकण्याचा प्रश्नच मिटला. अखेरचा नियम असा: "ज्यानं त्यानं आपल्या चालीनं यायचं. पुढचे थांबलेले असतील." हा अखेरचा नियम तरुणाने ऐकला खरा, पण तो शिष्टाचार म्हणून. लग्नाच्या पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणतात, तसा.

पाथर्डी आणि तिसगाव मागे पडले तोवर सारे सुरळीत होते. तरुण रांगेत सहावा होता. त्याच्या मागे फक्त औषध दुकानदार. मग करंजीचा घाट लागला. घाट लहान, सराईत माणूस तो बोलता बोलता पार करतो. परंतु पहिल्याच दोन वळणांनंतर पुढच्या गाडीचा लाल दिवा लांब गेला. तिसऱ्या वळणाला तो दिसेनासा झाला. तरुणाच्या मनात एकच गोष्ट उभी राहिली: आपण मागे पडलो. त्याने गती वाढवली. आता तो रस्ता पाहत नव्हता, दिवा शोधत होता.

पुढचे वळण डावीकडचे होते, आणि जेवढे दिसले त्याहून अधिक आवळत जाणारे. गाडी वळेना, ती उजवीकडे सरकत मधल्या पट्टीकडे जाऊ लागली. समोरून मालाने भरलेला ट्रक येत होता. तरुणाची नजर त्या ट्रकवर खिळली, आणि दुचाकीचा धर्म असा की नजर जिथे खिळते तिथेच ती जाते. त्याने घाबरून ब्रेक दाबला. कललेली गाडी सरळ उभी राहिली आणि वळण्याऐवजी नाकासमोर चालू लागली. चाक जाम झाले नाही ते एबीएसमुळे. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून ही यंत्रणा सक्तीची आहे. ट्रकचालकाने आपले वाहन कड्याच्या कडेला दाबले, कर्कश हॉर्न वाजला, आणि दोघे एकमेकांशेजारून निघून गेले. मध्ये अंतर राहिले ते हातभर.

घाट संपल्यावर चहाच्या टपरीशी सारे थांबले होते. तरुणाने हेल्मेट काढले. पण कप हातात धरवेना. औषध दुकानदाराने मागून सारे पाहिले होते. त्याने ते काकांच्या कानावर घातले, चारचौघांत नाही. तरुण मात्र स्वतःच म्हणाला, "काका, मी इथूनच परत फिरतो. घरी चार वर्षांची पोरगी आहे. दुकान आहे, बाबांचं वय झालं आहे. हे आपलं काम नाही."

काका म्हणाले, "परत जायचं तर जा. एक जण सोबत येईल, एकटा जाऊ नकोस. त्यात कमीपणा काही नाही. पण एक सांग, तुला घाई कोणी केली?"

तरुणाने आठवून पाहिले. कोणीही केली नव्हती. कोणी हॉर्न वाजवला नव्हता, कोणी हात केला नव्हता, कोणी हसले नव्हते. मागचा दुकानदार तर मुद्दाम दूर राहिला होता. घाई ज्याने केली तो माणूस त्याच्याच हेल्मेटमध्ये बसलेला होता.

मग काकांनी जे सांगितले ते व्यापाऱ्याला कळेल अशाच भाषेत सांगितले. "टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. त्या तळहाताची पकड म्हणजे आपली सीसीची लिमिट समज. वळण्यासाठी त्यातून उचल होते, थांबण्यासाठीही त्यातूनच. सगळी लिमिट वळण्यात खर्च झाली आणि वर ब्रेक दाबला, तर चेक वटायचा कुठून? म्हणून थांबायचं ते वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वेग तिथंच कमी कर, गिअर तिथंच उतरव, आणि वळणात शिरताना खात्यात शिल्लक असू दे."

शाळामास्तरांनी त्यात हिशेबाची भर घातली. वेग दुप्पट झाला तर त्याच वळणावर गाडीला आत धरून ठेवणारे बळ दुप्पट नव्हे, चौपट लागते. तीसऐवजी साठने शिरणाऱ्याला वाटते की आपण थोडे धाडस केले. प्रत्यक्षात त्याने चौपट कर्ज उचललेले असते. आणि नजर? ती वळणाच्या शेवटाकडे, जिथे जायचे आहे तिथे. खड्डा, कठडा, ट्रक यांची नोंद घ्यावी. त्यांच्याकडे पाहत राहू नये.

तरुण परत फिरला नाही. रांग मात्र बदलली. त्याला काकांच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि काकांनी आपली चाल त्याच्या चालीवर आणली. कृषी सेवा केंद्रवाल्या तरुणाला हे रुचले नाही. "अशानं दिवस मावळेल," तो पुटपुटला. काकांनी त्याला सर्वांत शेवटी जायला सांगितले. उत्तम चालवणाऱ्याची जागा शेवटी असते हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो निमूटपणे मागे गेला.

दुपारी माळशेज आला. पावसाळ्यातील धुके आणि धबधबे तेव्हा नव्हते. होते ते उभे काळे कडे, स्वच्छ आकाश आणि खाली कोकणात उतरत जाणारा रस्ता. चढणीपेक्षा उतरण कठीण, कारण तिथे गाडीचे वजनच तिला पुढे ढकलते. काकांनी खालचा गिअर टाकला, तरुणानेही टाकला. इंजिनच गाडीला मागे धरू लागले आणि ब्रेकवरचा भार हलका झाला. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट, बोगद्याच्या सावलीत शिरण्यापूर्वी गती कमी. पुढचा दिवा पुन्हा पुन्हा वळणाआड जात होता; पण आता तो दिसेनासा झाला तरी छातीत धडधड होत नव्हती. दिवा पुढे कुठेतरी थांबलेला असणार, याची खात्री पटली होती. पायथ्याशी पोहोचल्यावर सर्व जण पुन्हा घाट चढून वर आले आणि सूर्य मावळण्याआधी जेवून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळच्या नाणेघाटावर गेले. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला, जात असे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे सांगतात. शाळामास्तर म्हणाले, "गोदाकाठच्या व्यापाऱ्यांचा हा जुना घाट. आपण कालपासून ज्याची चर्चा करतो आहोत, ती इथं दोन हजार वर्षांपूर्वीच झाली असेल."

त्या बोलण्यात तथ्य होते. ओझ्याच्या बैलांचा तांडा अशा खिंडीतून चढतो तेव्हा त्याची चाल कोण ठरवतो? सर्वांत पुढचा तगडा बैल नव्हे. चाल ठरते ती सर्वांत मंद बैलावरून. त्याला मागे टाकले तर त्याच्या पाठीवरचा माल गेला, तो सांभाळणारा माणूस गेला. आणि त्याला पळवले तर तो पाय घसरून दरीत गेला. तांड्याच्या नायकाचे शहाणपण वाट ठाऊक असण्यात जेवढे, तेवढेच मागे वळून पाहण्यात असते. आणि मंद बैलाचेही एक शहाणपण असते: तो पुढच्याच्या पावलांची बरोबरी करू पाहत नाही.

माणसाला मात्र हे जमत नाही. बँकेच्या कर्जविभागात उभा जन्म काढलेल्या कोणालाही विचारावे. बुडालेल्या दुकानांपैकी धंदा वाईट म्हणून बुडालेली दुकाने किती आणि समोरच्याने काचेची शोरूम केली म्हणून आपणही केली, यापायी बुडालेली किती! समोरच्याचे भांडवल, त्याची उधारी, त्याला घरातून मिळणारा आधार यांतले काहीही दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याचा लांब जाणारा लाल दिवा. लग्नातील खर्च, मुलांच्या शाळा, घराचे मजले, सर्वत्र हाच दिवा माणसाला अनोळखी वळणावर ओढून नेतो. वळण कोणाचे नाव विचारत नाही; ते फक्त शिल्लक तपासते.

पण दोष सगळा मागच्याच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. करंजीच्या घाटात पुढच्या पाच जणांनी कोणताही नियम मोडला नव्हता. तरी त्यांच्यामागे एक घर उघडे पडण्याच्या बेतात आले होते. 'ज्यानं त्यानं आपल्या चालीनं यायचं' असे सांगणे सोपे असते. ते खरे वाटावे अशी व्यवस्था करणे, हे पुढे चालणाऱ्यांचे काम. तरुणाला दुसऱ्या क्रमांकावर घेतल्यानंतर उपदेशाचा एकही शब्द लागला नाही. ज्या घरात, ज्या पेढीत, ज्या समाजात नवख्याची जागा थोरल्याच्या लगोलग मागे असते, तिथे त्याला आपली चाल लपवावी लागत नाही.

परतल्यावर तरुणाने वडिलांना ट्रकची गोष्ट सांगितली. न सांगताही चालले असते. वडिलांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पुढच्या वेळी कोण पुढं असेल?" "काका," तो म्हणाला. वडिलांनी मान हलवली आणि खातेवही पुन्हा उघडली. मोटारसायकलीविषयी त्या घरात झालेले पहिले बोलणे ते हेच.

पुढल्या पौषात गटात कापसाच्या आडत्याचा मुलगा नव्याने आला. त्याला काकांच्या मागची जागा मिळाली. कापड दुकानदार तरुणाने रांगेतील मधली जागा घेतली, आणि पाडळसिंगीच्या फाट्यावर गाडी बाजूला लावून मागचे सर्व दिवे दिसेपर्यंत तो थांबून राहिला.